नवीन घर, नवीन एरिया: शांघायचं होंगखौ पायी पायी

रानजाई | ३ नोव्हेंबर २०२५, ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुलगा शाळेत आणि नवरा ऑफिसला गेल्यावर बसलेच.

चार वर्षं आम्ही शांघायला पूडोंगमधे राहत होतो. एकविसावा मजला, खाली मॉल, सोसायटीत सात-आठ भारतीय घरं, गणपती-दिवाळी एकत्र. सगळं छान होतं पण खरं सांगायचं तर चार वर्षांत मला शांघाय दिसलंच नाही, दिसला तो मॉल, मेट्रो आणि मुलाची स्कूलबस. यंदा घरमालकाने घर विकायला काढलं आणि ऑगस्टअखेर आम्ही होंगखौला आलो. जुनी सहा मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही चौथ्यावर. प्रसिद्ध चिनी लेखक लू शून यांच्या नावाचं लू शून पार्क चालत दहा मिनिटं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, होंगखौ म्हणजे बंडच्या (नदीकाठच्या जुन्या इमारतींच्या प्रसिद्ध रस्त्याच्या) उत्तरेला, सूचौ नदीचा पूल ओलांडला की लागतो तो भाग. जेमतेम साडेतेवीस चौरस किलोमीटर, पण जुनी दाट वस्ती. इथे भारतीय चेहरा दिवसात एखादा दिसला तर दिसला.

आल्या आल्या मी एक ठरवलं, की पहिला महिना गरज नसताना मेट्रोत बसायचं नाही. मुलाला साडेआठला सोडलं की एका गल्लीने जायचं आणि दुसरीने परत यायचं, फोन पिशवीत. पहिल्या आठवड्यात चुकायला झालं, पण चुकले तरी हरवले नाही, कारण इथल्या रस्त्यांना एक रीत आहे आणि ती पायी फिरल्यावरच डोक्यात बसते. शहराच्या जुन्या मध्यभागात उत्तर-दक्षिण जाणाऱ्या बऱ्याच रस्त्यांना प्रांतांची नावं आहेत आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना शहरांची. आमचा मोठा रस्ता सिचुआन बेई लू, म्हणजे सिचुआन प्रांताच्या नावाचा, त्याचा उत्तरेकडचा भाग. रस्त्याच्या एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. पत्त्यात आधी रस्ता, मग 'लोंग' म्हणजे गल्लीचा नंबर, मग 'हाओ' म्हणजे बिल्डिंगचा, शेवटी 'शृ' म्हणजे खोलीचा. आपण पत्ता आतून बाहेर लिहितो, हे बाहेरून आत येतात. हे एकदा कळलं की कुठल्याही रिक्षावाल्याला, सॉरी, डिलिव्हरीवाल्याला वाट तुम्ही सांगू शकता.

आता भाजीबाजार. इथे त्याला त्साइछांग म्हणतात. आमच्याकडचा एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे, ओली फरशी, वर ट्यूबलाइट, एका टोकाला मासे आणि दुसऱ्या टोकाला पालेभाज्या. पूडोंगला मी सगळं ॲपवर मागवायची, त्यामुळे इथे काय काय मिळतं हे मला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी एका पालेभाजीवाल्या आयींच्या गाळ्यावर (आयी म्हणजे मावशी, कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात) मला लाल माठ दिसला. लाल माठ! चार वर्षांनी! मी जुडी हातात घेऊन नुसती बघत उभी राहिले. आयींना वाटलं मला शंका आहे, त्यांनी जुडीतली एक काडी ओढली, देठ दोन बोटांत धरून कट्कन मोडला आणि मोडलेलं टोक माझ्या डोळ्यासमोर धरलं, आत दोरा नव्हता. माझी आई मंडईत अगदी असाच देठ मोडून बघायची. एक शब्द न बोलता आम्हा दोघींना कळलं की भाजी कोवळी आहे.

इथे त्याला शिएनत्साइ म्हणतात, आणि करतात कशी तर लसूण ठेचून, तेलात परतून, मीठ घालून. संपली रेसिपी. लाल पाणी सुटतं ते भातावर घेतात, आणि आयींनी हाताने खुणा करून सांगितलं की लहान मुलांना तो लाल भात फार आवडतो. आमच्याकडेही तेच झालं.

त्यानंतर रोज एक नवी ओळख. खोंगशिनत्साइ म्हणजे आपली नाळीची भाजी, नावाचा अर्थच पोकळ गाभ्याची भाजी. सिग्वा म्हणजे घोसाळं, खुग्वा कारलं, दोंगग्वा कोहळा, यूनाइ अळकुड्या. चवळीच्या शेंगा हातभर लांब. दर पाटीवर लिहिलेला असतो तो 'जिन'चा, म्हणजे अर्ध्या किलोचा, हे नव्या माणसाने आधी लक्षात ठेवावं नाहीतर हिशेब दुप्पट चुकतो. आणि भाजी घेतली की पातीच्या कांद्याच्या चार काड्या फुकट टाकतात पिशवीत, आपल्याकडे कोथिंबीर-कढीपत्ता टाकतात तसं.

माझं म्हणणं एवढंच की नवीन एरिया समजून घ्यायला प्रेक्षणीय स्थळांची यादी कामाची नाही. एक बाजार, एक बाग आणि रोज एकच वेळ, एवढं पकडा. वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण रोज त्याच वेळेला तीच माणसं भेटतात.

तुम्ही नव्या ठिकाणी गेल्यावर काय करता? चीनमधे राहिलेल्यांनी तर लिहाच, बाकीच्यांनीही लिहा.


गवतीचहा | ३ नोव्हेंबर, १३:०५

काय सुंदर लिहिलंय!! देठ मोडायचं वाचून डोळे भरले. मी जर्मनीत, इथे माठ नाही मिळत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


चहाटपरी | ३ नोव्हेंबर, १४:२२

छान धागा. मी २०१७ ते २०१९ ग्वांगचौला होतो. एक टेक्निकल गोष्ट ॲड करतो. चीनमधे आल्यावर लोक व्हीपीएन (इथे बंद असलेल्या साइट उघडायचं ॲप) लावून गूगल मॅप उघडतात आणि मग चुकतात. चीनचे नकाशे वेगळ्या कोऑर्डिनेट पद्धतीवर चालतात, त्यामुळे जीपीएसचा ठिपका आणि नकाशा यांत शेकडो मीटरचा फरक पडू शकतो, म्हणजे तुम्ही फुटपाथवर असता आणि ठिपका नदीत. गाओद मॅप हे चिनी ॲप वापरा. आणि पेमेंटचं, जुलै २०२३ पासून बाहेरचं व्हिसा-मास्टरकार्ड अलीपे आणि वीचॅट या पेमेंटच्या ॲपना जोडता येतं, २०० युआनच्या आतल्या पेमेंटला फी नाही, वर गेलं की ३ टक्के. भाजीबाजारासाठी एकदम सोयीचं.

पण तुमचा फोन पिशवीत ठेवायचा मुद्दा पटला. मी दोन वर्षांत ऑफिस ते घर रस्ता फक्त मॅपच्या निळ्या रेघेवर बघितला, आजूबाजूला काय होतं ते आठवतच नाही आणि त्याचं आता वाईट वाटतं.


रानजाई | ३ नोव्हेंबर, १६:५०

धन्यवाद गवतीचहा, चहाटपरी. कार्डाची माहिती फार उपयोगी.

कचऱ्याबद्दल लिहायचं राहिलं, ते लिहिते कारण मला शेजार खरा तिथे मिळाला.

शांघायला १ जुलै २०१९ पासून कचरा वेगळा करणं सक्तीचं आहे. चार प्रकार, आणि त्यातल्या दोघांची नावं ऐका, शृ लाजी आणि गान लाजी, म्हणजे शब्दशः ओला कचरा आणि सुका कचरा! उरलेले दोन म्हणजे पुन्हा वापरता येणारा आणि घातक (बॅटऱ्या, औषधं वगैरे). पूडोंगला कचरा खाली नेण्याचं काम मदतनीस बाई करायच्या, इथे आपलं आपण. कचऱ्याची खोली सकाळी ठराविक वेळ आणि संध्याकाळी ठराविक वेळच उघडते. ओला कचरा पिशवीसकट टाकायचा नाही, पिशवी उपडी करून ओला ओल्यात आणि रिकामी पिशवी सुक्यात.

पहिल्या आठवड्यात मी नारळ खवला आणि करवंटी ओल्यात टाकली, आपल्या हिशेबाने नारळ म्हणजे ओलाच की. तिथे लाल बनियन घातलेल्या एक आजी उभ्या असतात, त्यांनी चिमट्याने करवंटी बाहेर काढली, लोखंडी कडेवर टक टक वाजवून दाखवली आणि सुक्यात टाकली. म्हणजे ज्याला कुजायला वेळ लागतो, जे यंत्रात दळलं जात नाही ते सुकं. मोठी हाडंही सुक्यात. मला ते इतकं पटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओल्या नारळाच्या दोन वड्या दिल्या, त्यांनी तिथेच एक खाल्ली, आणि आता मी दिसले की त्या दोन बोटं ओठाला लावून वडीची आठवण करून देतात. आमच्या जिन्यातल्या बारा घरांपैकी नऊ घरांची मला ओळख झालीय ती त्या कचऱ्याच्या खोलीसमोर, संध्याकाळी सात ते आठमधे.


कुरडई | ३ नोव्हेंबर, २०:१५

मला जरा वेगळं म्हणायचंय, रागावू नका. हे सगळं वाचायला गोड वाटतं पण जुन्या बिल्डिंगमधे राहणं सोपं नाही. मी नानजिंगला तीन हिवाळे काढलेत. यांग्त्सेच्या खालच्या भागात सेंट्रल हीटिंग नसतं, ते छिनलिंग डोंगर आणि ह्वाई नदीच्या उत्तरेला असतं. बाहेर ४ डिग्री आणि घरात ८, वर दमट हवा, हाडात शिरते थंडी. त्यात चौथा मजला, लिफ्ट नाही. आत्ता ऑक्टोबरची हवा आहे म्हणून छान वाटतंय, जानेवारीत परत लिहा. आणि घर घेताना एजंटने आम्हाला खिडक्या डबल काचेच्या आहेत असं सांगितलं होतं, निघाल्या साध्या. राहायला जायच्या आधी हात लावून बघा सगळ्यांनी.

आणि हो, घर बदललं की २४ तासांत फाइछूसो म्हणजे पोलीस चौकीत रहिवास नोंदवायचा असतो, हे कुणी विसरू नका, पुढे व्हिसाच्या वेळी अडकतं.


रानजाई | ३ नोव्हेंबर, २१:०२

कुरडई, रागवायचं काय त्यात, तुमचं बरोबरच आहे. खिडक्यांना मी आत्तापासून फटीत लावायची पट्टी आणून ठेवलीय आणि विजेवर तापणारी चादर मागवलीय. शेजारच्या आजी म्हणाल्या, इथे घरात शिरल्यावर जाकीट काढायचं नसतं, घालायचं असतं.

नोंदणी आम्ही केली दुसऱ्याच दिवशी. शांघायला आता ऑनलाइनही होते पण आमच्या घरमालकाच्या कागदात एक आकडा चुकलेला निघाला म्हणून प्रत्यक्ष जावं लागलं. दोन हेलपाटे झाले. भाडेकरार, घरमालकाचे कागद आणि पासपोर्ट, तिन्ही बरोबर ठेवा.


निवडुंग_पुणे | ४ नोव्हेंबर, ०९:३०

मी कधी चीनला गेलो नाही, पण तुम्ही बंड आणि पूल म्हणालात म्हणून लिहितो. तुम्ही होंगखौतून बंडला जाता तो लोखंडी पूल वायबायदू, १९०७ चा. तो उतरून बंडवर सरळ चालत गेलात की हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल लागतं. ते १९२९ साली व्हिक्टर ससून यांनी बांधलं, तेव्हाचं नाव कॅथे हॉटेल. हे ससून म्हणजे आपल्या पुण्याच्या ससून हॉस्पिटलचे, मुंबईच्या ससून डॉकचे, त्याच घराण्यातले. घराण्याचे मूळ पुरुष डेव्हिड ससून १८६४ मधे पुण्यात वारले, कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे, मी त्याच रस्त्यावर शाळेत जायचो.

हे सांगताना हेही सांगायला हवं की त्या पैशाचा मोठा भाग अफूचा होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. आपल्या शहरांतल्या देखण्या दगडी इमारती आणि तिकडच्या लोकांची उद्ध्वस्त घरं एकाच धंद्याची दोन टोकं आहेत. तुम्ही तिथे राहता तर हे माहीत असावं असं वाटतं.


रानजाई | ४ नोव्हेंबर, १२:१०

निवडुंग, मनापासून आभार. मी त्या पुलावरून कित्येकदा गेलेय, हॉटेलचं छप्पर लांबून बघितलंय, पण ससून हॉस्पिटलशी जोड कधी लावली नव्हती. माझी मावशी ससूनमधे नर्स होती. परवा मुद्दाम जाईन आणि हे डोक्यात ठेवून बघेन.

तुमच्यावरून मी शोधलेली गोष्ट सांगते. आमच्या घराजवळ दोंगबाओशिंग लू म्हणून रस्ता आहे, मेट्रोच्या लाइन ३ चं स्टेशनही त्याच नावाचं. त्या रस्त्यावर ३२६ नंबरला गुरुद्वारा होता, १९०८ साली बांधलेला. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत ब्रिटिशांनी पंजाबातून शीख पोलीस आणले होते, चौकाचौकात उभे राहायचे, त्यांच्यासाठी हा. मी तीनदा त्या रस्त्यावरून गेले तरी मला सापडेना कारण मी घुमट शोधत होते. चौथ्या वेळी नंबर मोजत गेले. विटांची जुनी इमारत, बाहेर दोरीवर पोरांचे शाळेचे गणवेश वाळत घातलेले, खिडकीत कुंडीत पातीचा कांदा. मी फुटपाथवर उभी राहून बघत होते तेव्हा एक आजोबा थांबले, मी मोडक्या चिनीत म्हटलं 'यिनदू', भारत, आणि हात जोडले. त्यांनी डोक्याभोवती हात फिरवून पगडी दाखवली आणि मान हलवली. म्हणजे त्यांना माहीत होतं.

त्या शीख पोलिसांसाठी शांघायच्या लोकांत एक हिणवणारं नाव होतं, 'लाल डोक्याचा' असं काहीसं. परक्या राज्यासाठी परक्या मुलखात दंडुका घेऊन उभे राहिलेले आपले लोक, आणि त्यांचा राग धरलेले इथले लोक, दोघांचंही मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तोही बराच वेळ गप्प होता.


सुतगिरण | ४ नोव्हेंबर, १९:४५

ताई, मी शाओशिंगच्या कच्याओमधून लिहितोय. इथे चीनचा सगळ्यात मोठा कापडबाजार, आपले भारतीय व्यापारी भरपूर, मी इचलकरंजीचा, इथे कापड बघून ऑर्डर लावायचं काम करतो सात वर्षं झाली. तुम्ही लू शून पार्क म्हणालात, तर लू शून आमच्या शाओशिंगचे, १८८१ चा जन्म, इथलं त्यांचं घर बघायला शाळेच्या सहली येतात रोज.

आमचं इथलं आयुष्य म्हणजे गोदाम, होटेल, रूम. सगळे आपलेच, त्यामुळे हिंदीवर भागतं आणि सात वर्षांत चिनी शिकलो ते भावापुरतंच. तुमचा धागा वाचून परवा संध्याकाळी रूमच्या मागं कालवा आहे त्याच्या कडेनं चालत गेलो, पहिल्यांदा. अर्ध्या तासावर दगडी पुलाखाली एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता, माझ्या बापाकडे माग होते, तो अशीच धाग्याची गाठ दाताने तोडायचा. मी बसलो जरा वेळ. त्यानं विचारलं कुठला, मी सांगितलं, त्यानं सिगरेट पुढं केली, मी ओढत नाही म्हटलं तर शेंगा दिल्या. एवढंच झालं पण रूमवर आल्यावर घरी फोन केला आणि बापाशी तासभर बोललो, नाहीतर आमचं दोन मिनिटांत संपतं.


रानजाई | ४ नोव्हेंबर, २१:२०

सुतगिरण दादा, हे वाचून काय लिहू कळेना. रोज जा त्या बाजूला.

लू शून १९२७ पासून शेवटपर्यंत शांघायलाच होते, बहुतेक काळ आमच्याच होंगखौत. शेवटचं घर शानयिन रोडवर, तिथेच १९३६ च्या ऑक्टोबरमधे वारले. घर बघता येतं पण मला जास्त आवडते ती गल्ली, कारण आजूबाजूच्या घरांत अजून लोक राहतात, दारात बादल्या, सायकली, तांदूळ निवडत बसलेल्या बायका. समाधी १९५६ साली पार्कात आणली. पार्कात सकाळी गाणारे गट असतात, पन्नास-साठ माणसं, एक जण हातवारे करत चाल धरतो, वही समोर. तिथेच एका कोपऱ्यात कोरियन क्रांतिकारक युन बोंग गिल यांचं स्मारक आहे, १९३२ च्या एप्रिलमधे त्यांनी इथे जपानी अधिकाऱ्यांवर बॉम्ब टाकला होता. बाहेर देशातल्या एका बागेत तिसऱ्याच देशाचं स्मारक, आणि शेजारी गाणं चाललेलं. होंगखौ सगळं असंच आहे, एकावर एक थर.


पिंपळपान | ५ नोव्हेंबर, ०८:१२

माझी मुलगी फेब्रुवारीत शांघायला मास्टर्सला येतेय. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि ती एकादशी-चतुर्थी करते. वाचून धीर आला पण जेवणाचं कसं करावं? काळजी वाटते हो.


रानजाई | ५ नोव्हेंबर, १०:३०

पिंपळपान ताई, काळजी करू नका, जमतं. तीन गोष्टी तिला पाठ करायला सांगा. एक, 'वो छृ सू', म्हणजे मी शाकाहारी आहे. दुसरी 'बूयाओ जीदान', अंडं नको. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, 'यौ मेईयौ जूयोउ?', यात डुकराची चरबी आहे का. कारण भाजी नुसती दिसली तरी परतायला चरबी वापरतात कधी कधी, कांद्याच्या पातीच्या पोळीत (त्सोंगयोउबिंग) सुद्धा असते. नाश्त्याला दोउजियांग म्हणजे गरम सोयाबीनचं दूध आणि योउथ्याओ म्हणजे तळलेल्या लांब काड्या बघता येतील, पण तेल कसलं ते तिथेही विचारायचं.

आणि बौद्ध शाकाहारी खानावळी असतात, तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो, तिच्या उपासाआधीच्या-नंतरच्या दिवसांना उत्तम. लोंगह्वा देवळात शाकाहारी नूडल्स मिळतात. इथले बरेच भाविक लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच. तिने 'मी आज पाळते' म्हटलं तर त्यांना लगेच कळेल, समजावून सांगावं लागणार नाही.

साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचं कूट येताना आणू दे. शेंगदाणे इथे उत्तम मिळतात खरं तर. रताळी रस्त्यावर भाजून विकतात हिवाळ्यात, उपासाला सोनं.

एक आठवलं. यंदा ६ ऑक्टोबरला कोजागरी होती आणि त्याच रात्री इथला मध्य-शरद सण. एरवी बहुतेक वर्षी तो आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेला येतो, गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला होता आणि कोजागरी १६ ऑक्टोबरला. यंदा त्यांच्या पंचांगात अधिक महिना आला म्हणून दोन्ही एका रात्री. मी गच्चीवर मसाला दूध नेलं, शेजारच्यांनी युएबिंग (या सणाचे सारण भरलेले गोल केक) आणले, मुलांनी कंदील. आजींनी दुधातलं केशर बोटावर घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, औषध आहे का? चिनी वैद्यकात केशर औषधच आहे म्हणे त्यांच्याकडे. दोनदा मागून घेतलं त्यांनी.


सोलापुरी_चादर | ५ नोव्हेंबर, २२:०५

कुणीच कसं डॉ. कोटणीसांचं नाव काढलं नाही! आमच्या सोलापूरचे, १९१० चा जन्म. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, आणि त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते हे फार कमी लोकांना माहीत असतं. कोटणीस परत आलेच नाहीत, तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनह्वा, यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. सोलापूरला भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं स्मारक केलंय.

मी २०१८ ला कंपनीच्या कामाने शृज्याच्वांगला गेलो होतो, तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. मी रिक्षा-टॅक्सीत त्यांचं चिनी नाव लिहून दाखवलं, क दीह्वा. ड्रायव्हर साठीचा असेल. त्याने मागे वळून मला नीट बघितलं, आणि येताना पैसे घ्यायला तयार होईना. मी जबरदस्तीने दिले.


तांबडीमाती | ६ नोव्हेंबर, १५:३०

उशिरा आले धाग्यावर. मी छंगदूला. नव्या एरियाबद्दल माझा अनुभव माझ्या वडिलांमुळे आहे.

बाबा एसटीतून रिटायर झालेले, गेल्या वर्षी तीन महिने आले होते. पहिला आठवडा खिडकीत बसून. भाषा नाही, पेपर नाही, मला ऑफिस, मला पोटात कालवायचं. मग मी त्यांना सकाळी रनमिन पार्कात सोडायला लागले. तिथे म्हातारे लोक 'दीशू' करतात, काठीएवढा मोठा स्पंजचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतात, पाच-दहा मिनिटांत वाळून जातात. बाबा रोज उभे राहून बघायचे. बाबांचं अक्षर सुंदर आहे, डेपोचे फळे तेच लिहायचे.

आठ-दहा दिवसांनी एका आजोबांनी काही न बोलता ब्रश बाबांच्या हातात दिला. बाबांनी चप्पल काढली, आधी 'श्री' काढला, आणि मग खाली पूर्ण ओळ, ज्ञानोबा माउली तुकाराम. वरची रेघ त्यांनी शेवटी एका दमात ओढली. सगळे जमले होते. ती वरची रेघ त्या लोकांना फार आवडली, कारण त्यांच्या लिपीत एवढी लांब आडवी रेघ नसते, एकाने बाबांचा हात धरून पुन्हा ओढून घेतली. 'श्री' तोवर वाळायला लागला होता. बाबांनी तो परत गिरवला.

पुढचे दोन महिने ते घड्याळ लावून सातला तयार. जाताना त्या आजोबांनी आपला एक ब्रश दिला, तो आता साताऱ्याला अंगणात वापरतात.


गवतीचहा | ६ नोव्हेंबर, १६:१०

तांबडीमाती, फोटो असेल तर टाका ना प्लीज. वाळलेल्या 'श्री'चा तरी.


कुरडई | ६ नोव्हेंबर, १८:४०

धाग्यावर थंडीची कुरकूर करून गेले होते, पण वाचत राहिले. तीन वर्षं मी नानजिंगला घराच्या दोन चौकांपलीकडे भाजीबाजार असून सगळं फोनवर मागवलं. आता परत जायची शक्यता नाही. त्याचं वाईट वाटतंय. ताई, तुम्ही लिहीत राहा.


चहाटपरी | १२ नोव्हेंबर, ११:००

धागा वर काढतोय. ९ तारखेपासून दिल्ली-शांघाय थेट विमान परत सुरू झालंय, आणि मला कामासाठी याच आठवड्यात यायचंय. रविवारी सकाळ मोकळी आहे. रानजाई, जमत असेल तर तुमच्या भाजीबाजारात यायला आवडेल. या वेळी निळी रेघ न बघता.


सुतगिरण | १२ नोव्हेंबर, १३:२५

रविवार असेल तर मी पण येतो ट्रेनने. ताई चालेल का?


रानजाई | १२ नोव्हेंबर, १४:५०

चालेल काय, याच दोघंही! नवऱ्यालाही सांगितलं, तो पोहे करणार आहे.

रविवारी सकाळी ९ वाजता होंगखौ फुटबॉल स्टेडियम स्टेशन. लाइन ३ ने आलात तर ती वरून धावते, जिना उतरून खाली या, लाइन ८ ने आलात तर जमिनीखालून वर या. लाइन ३ च्या डाव्या खिडकीत बसा, तो मार्ग जुन्या वूसोंग रेल्वेचा आहे, चीनची पहिली रेल्वे १८७६ साली तिथूनच धावली होती, पुढच्याच वर्षी उखडली आणि नंतर परत घातली. स्टेडियमला लागूनच पार्काचं फाटक. मी तिथे कापडी पिशवी घेऊन उभी असेन.

आधी पार्कात गाणं ऐकू, मग शानयिन रोडने बाजारात. लाल माठ आता संपला, थंडी पडली. पण आयींनी काल सांगितलंय की पुढच्या आठवड्यात हिवाळी पालक येईल, बुटका, मुळाशी लाल, पहिलं गोठलेलं दव पडल्यावर गोड होतो म्हणाल्या. साडेदहाच्या आत पोचायला हवं, नंतर उरत नाही.